डोंगरातलं पाणी विजेशिवाय बागेत कसं उतरवायचं

सावंतवाडी-दोडामार्गच्या डोंगरपट्ट्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला आमची वाडी आहे. चार घरं, चौघांच्या मिळून नऊशे पोफळी, ऐंशी माड, मधे मिरी आणि जायफळ. पावसाळ्यात इथे छत्री उघडून उपयोग नसतो इतका पाऊस पडतो आणि वैशाखात विहिरीचा तळ दिसतो. पण वर डोंगराच्या कुशीतला झरा वैशाखातही वाहतो. त्या झऱ्याचं पाणी ६२० मीटर पाइपातून, मोटारीशिवाय, आज आमच्या चारही बागांना मिळतं. ते कसं आणलं आणि तुम्हाला आणायचं असेल तर काय करा, ते मी इथे लिहिते आहे. मी इंजिनिअर नाही. जे लिहिलंय ते हातांनी केलेलं आहे, काही दोनदा करावं लागलेलं आहे.

माझे सासरे म्हणायचे, "आधी पाणी मोज गो, मगे पायप हाड." म्हणजे आधी पाणी मोज, मग पाइप आण. मी ऐकलं नाही. दहा वर्षांपूर्वी दुकानात गेले, "पाऊण इंची बस झाली, डोंगराचं पाणी जोरात येतं" असं कुणीसं सांगितलं, आणि सहाशे मीटर पाइप घेऊन आले. खाली टाकीत मिनिटाला जेमतेम बारा लिटर पाणी पडायचं. वर झऱ्यावर मात्र धो धो वाहून जायचं. दोन उन्हाळे आम्ही तो पाइप उलटसुलट करून बघितला, तोंड मोठं केलं, जोड बदलले. दोष पाइपाच्या जाडीत होता आणि ते आम्हाला कळत नव्हतं. म्हणून सगळ्यात आधी मोजणीचं सांगते.

पाणी कधी आणि कसं मोजायचं

दिवाळीत झरा बघून खूश होऊ नका. मोजायचं ते एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे झरा सगळ्यात बारीक असतो तेव्हा. पाणी पसरून वाहत असेल तर चिकणमाती आणि दगड लावून एका जागी गोळा करा आणि पोफळीचं पन्हळ किंवा पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळी लावा. सगळं पाणी एका धारेत पडलं पाहिजे. धारेखाली बादली धरा आणि फोनवर सेकंद मोजा. पाच वेळा मोजा, सरासरी काढा.

आमची १५ लिटरची बादली मेमध्ये २० सेकंदांत भरते. म्हणजे मिनिटाला ४५ लिटर. एका कोरड्या वर्षी तिला २६ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला ३५ लिटरच्या आत. मी हे दरवर्षी कालनिर्णयाच्या मागे लिहून ठेवते. हिशेब नेहमी त्या कोरड्या वर्षावर बेतायचा.

४५ मधले १५ लिटर आम्ही खालच्या ओहोळाला सोडतो, ते का ते पुढे येतं. उरलेले मिनिटाला ३० लिटर हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण झरा रात्री झोपत नाही. ३० लिटर गुणिले ६० मिनिटं गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. पोफळीला ठिबकने उन्हाळ्यात दिवसाला १६ ते २० लिटर पुरतं, माडाला मी ४० धरते. नऊशे पोफळींचे १८,००० आणि ऐंशी माडांचे ३,२०० मिळून २१,२०० लिटर. म्हणजे ज्या झऱ्याकडे बघून "ह्यात काय होणार" असं आम्ही म्हणत होतो, तो सगळ्या बागेला पुरून उरणारा होता. विजेची मोटार दिवसाला दोन तास चालवण्यापेक्षा बारीक धार चोवीस तास धरणं फायद्याचं. त्यासाठी रात्रीचं पाणी साठवायला टाकी मात्र हवी. तिच्याबद्दल पुढे येतं.

उतार मोजणं

फोनमध्ये उंची दाखवणारं अ‍ॅप असतं. त्यावर विसंबू नका. दहा-पंधरा मीटरची चूक त्यात सहज होते आणि आपला सगळा उतारच कधीकधी तेवढा असतो. गवंड्याकडे लेव्हलची पारदर्शक नळी असते, ती १५ मीटर घ्या. पाणी भरा, आत बुडबुडा राहता कामा नये. दोन सरळ काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा. एक माणूस झऱ्यापाशी काठी धरून उभा, दुसरा खाली दहा-बारा मीटरवर. नळीतलं पाणी स्थिर झालं की दोन्ही काठ्यांवरचे आकडे वाचायचे. त्यांतला फरक म्हणजे तेवढ्या टप्प्यातली उंची. मग वरचा माणूस खालच्याच्या पुढे जातो आणि असं टाकीच्या जागेपर्यंत उतरत यायचं. वाटेत चढ लागला तर तो फरक वजा करायचा. आम्हाला एक अख्खा दिवस लागला. ह्यांनी आकडे वाचले, मी वहीत लिहिले, पुतण्या आणि त्याच्या मित्राने काठ्या धरल्या. झऱ्यापासून टाकीपर्यंत उतार निघाला १४ मीटर, अंतर ६२०.

दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक किलो दाब. हे एवढं लक्षात ठेवलं की दुकानात कुणी फसवत नाही. पाइपावर २.५, ४, ६ किलो असं लिहिलेलं असतं. खालची कॉक बंद असताना पाइपातल्या सगळ्यात खालच्या जागेवर पूर्ण उंचीचा दाब येतो. ३५ मीटर उंची असेल तर ४ किलोचा पाइप काठावर येतो, ६ किलोचा घ्या. उंची ५० मीटरच्या वर जात असेल तर मधे छोटी उघडी टाकी बांधा. पाणी त्या टाकीत पडलं की दाब शून्य होतो आणि तिथून पुन्हा नव्याने सुरुवात होते.

पाइप किती जाडीचा

पाणी पाइपाच्या भिंतीला घासत येतं आणि त्या घासण्यात उतार खर्च होतो. मिनिटाला ३० लिटर न्यायचे असतील तर काळ्या एचडीपीई पाइपात दर १०० मीटरला साधारण असा उतार लागतो: २५ मिमी म्हणजे पाऊण इंचीत ११ मीटर, ३२ मिमी म्हणजे एक इंचीत जवळपास ३ मीटर, ४० मिमी म्हणजे सव्वा इंचीत १ मीटरला थोडा कमी. पाइपाची भिंत जाड-पातळ असेल तसा थोडा फरक पडतो. पण प्रत्येक पायरीला केवढी तफावत आहे ते बघा.

आमच्याकडे ६२० मीटरला १४ मीटर होते. पाऊण इंचीला लागले असते ६८. म्हणून तो बिचारा बारा लिटरच देत होता. पूर्ण एक इंची घातला असता तर साडेसतरा लागले असते, म्हणजे तोही थोडा कमीच. पूर्ण सव्वा इंची घातला तर सहासुद्धा पुरतात, पण पैसे जास्त जातात. शेवटी वरचे ३०० मीटर सव्वा इंची आणि खालचे ३२० मीटर एक इंची असं केलं. दोन्ही मिळून पावणेबारा मीटर खर्च होतात, सव्वादोन हाताशी राहतात. जाड पाइप नेहमी वरच्या बाजूला घाला. वर उतार कमी आणि पाइप बारीक असेल तर तिथे ओढ बसते, जोडातून हवा आत खेचली जाते आणि पाणी तुटतं.

पाणी दुपटीने न्यायचं म्हटलं तर खर्च होणारा उतार दुप्पट नाही, साडेतीन पटीच्याही वर जातो. नंतर वाडीतल्या आणखी कुणाला जोडणी द्यायची शक्यता असेल तर आत्ताच एक पायरी जाड घ्या. नंतर तोच पाइप उकरून काढणं फार जिवावर येतं, मी केलंय.

झऱ्याचं तोंड

आमच्याकडे वर जांभा आणि त्याखाली शेडीची चिकट माती. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, शेडीवर अडतं आणि जिथे ती शेडी डोंगराच्या पोटात उघडी पडते तिथे झरा फुटतो. झऱ्याचं तोंड मोठं करू म्हणून पहार घालू नका. शेडी फुटली तर पाणी दुसरीकडून खाली निघून जातं आणि मग काही केल्या परत येत नाही. झऱ्याच्या खाली पंधरा-वीस फुटांवर, जिथे पाणी ओहोळात येतं, तिथे काम करा.

सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून, गोणी विटांसारख्या सांध्यावर सांधा न येऊ देता रचा. दोन फूट उंच बांध पुरतो. गोणींच्या मागच्या बाजूला चिकणमाती पायांनी तुडवून बसवा. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधाला भोकं पाडतात. दर पंधरवड्याला हात घालून बघायचं आणि भोकं चिकणमातीने बुजवायची.

पाइपाच्या तोंडाला दीड-दोन फुटांचा जाड पीव्हीसी तुकडा लावा, त्याला बारीक भोकं पाडा, पुढचं टोक बंद करा आणि वरून हिरवी शेडनेट दोन पदरी गुंडाळा. भोकांच्या क्षेत्रफळाची बेरीज पाइपाच्या तोंडाच्या चौपट तरी हवी, पातेरा म्हणजे वाळका पाला अडकून निम्मी भोकं बुजतातच. हा तुकडा तळापासून वीतभर वर आणि पाण्याखाली वीतभर असायला हवा. तळाला टेकला तर गाळ खातो, वर आला तर भोवरा होऊन हवा ओढतो. तिथून चार-पाच मीटरवर दोनशे लिटरचा ड्रम ठेवा. पाणी ड्रमात पडतं, वाळू तळाला बसते, वरच्या बाजूने पाइप पुढे जातो. ड्रमाच्या बुडाला धुण्याची कॉक हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नव्या पाइपाच्या पहिल्या वर्षी आम्ही पाइपात मावेल तेवढं सगळं पाणी घेतलं. खालच्या वाडीत त्या ओहोळावर वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भात होतं. फेब्रुवारीत त्यांचे मळे तडकले आणि एका रात्री आमचा पाइप दोन जागी कोयत्याने कापला गेला. राग आला होता, खोटं का बोला. पण चूक आमची होती. त्यांची वहिवाट आमच्या पाइपाच्या आधीची, आणि आम्ही त्यांना साधं विचारलंही नव्हतं. देवळात बसून बोलणं झालं. ठरलं ते असं की उन्हाळ्यातलं एक तृतीयांश पाणी ओहोळाचं, आणि ते कुणाच्या शब्दावर सोडायचं नाही, बांधातच बसवायचं. आम्ही बांधात दोन नळ्या घातल्या. खालची नळी ओहोळाची, तिच्यातून मिनिटाला १५ लिटर जातील असं तिचं तोंड मोजून बारीक केलं. आमची नळी तिच्या वर. पाणी कमी झालं की आधी आमचं कमी होतं, त्यांचं वाहत राहतं. कोरड्या वर्षी आम्हाला वीसच लिटर मिळाले, पण दिवसाचे ते २८,८०० होतात, बाग तरली. त्या दिवसानंतर पाइपाला कुणी हात लावलेला नाही. उलट वानराने जोड उपटला की खालच्या वाडीतून फोन येतो. तुम्ही काही करायच्या आधी हे बोलणं करा, कागदावर लिहा, ग्रामपंचायतीत एक प्रत द्या.

झरा वनखात्याच्या जमिनीत असेल तर परवानगीशिवाय खणू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये सरकारमार्फत होणाऱ्या पाण्याच्या पाइपलाइन, छोटे कालवे, पाणी साठवण्याची कामं यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरच्या आत वनजमीन वापरता येते. म्हणून योजनेतून काम करायचं असेल तर ग्रामसभेचा ठराव आधी करून घ्या. आणि झरा देवराईत असेल तर तिथलं एकही झाड तोडू नका. आम्ही दरवर्षी बांध घालताना तिथे नारळ ठेवतो.

पाइप टाकताना

पाइपाची वाट झऱ्यापासून टाकीपर्यंत सतत उतरती ठेवा, त्यासाठी शंभर मीटरचा वळसा पडला तरी चालेल. मधे उंचवटा आला की तिथे हवा साठते, आमच्याकडे म्हणतात नळीला वारा धरला. पाणी बारीक होत होत बंद पडतं आणि वर-खाली सगळं ठीक दिसतं. उंचवटा टाळता येत नसेल तर त्याच्या माथ्यावर टी (तीन तोंडांचा जोड) लावून अर्धा इंची कॉक बसवा. पाणी सुरू करताना ती उघडी ठेवायची, फसफस थांबून सलग धार आली की बंद करायची. उंचवटा झऱ्याच्या जवळ असेल तर कॉकऐवजी उभी नळी लावून झाडाला बांधा. तिचं टोक झऱ्याच्या पाण्यापेक्षा उंच आणि उघडं हवं, हवा आपली आपण निघून जाते. खोलगट जागी गाळ बसतो, तिथे टी आणि धुण्याची कॉक.

काळा पाइप दुपारी उन्हात लांबतो आणि रात्री आखडतो. ताणून टाकलात तर पहाटे जोड निसटतात. थोडा नागमोडी टाका. जोडाला कॉम्प्रेशन फिटिंग चांगलं, पण डोंगरात ऐनवेळी मिळत नाही. तेव्हा पाइपाचं टोक सोडणाच्या (नारळाच्या सालाच्या) जाळावर मऊ करून लोखंडी निप्पलवर दाबून बसवायचं आणि दोन बाजूंनी तार पिळायची. माझ्या लाइनीत असे सहा जोड अजून टिकून आहेत. पांढरा पीव्हीसी उघड्यावर टाकू नका, दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होतो.

शक्य तिथे दीड फूट खोल पुरा. साळिंदर पाइप कुरतडतो, गवा पाय देतो, पण मोठा शत्रू वणवा. चौथ्या वर्षी मार्चमध्ये वरच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, वणवा लागला आणि उघड्यावरचा १४० मीटर पाइप वितळून कातळाला चिकटला. खणता येत नाही अशा कातळावर आम्ही आता पाइपावर माती आणि दगड रचतो, आणि जानेवारी संपायच्या आत दोन्ही बाजूंचं दहा-दहा फूट गवत कापून काढतो. एवढ्या कामाला चौघांना एक दिवस लागतो.

टाकी आणि बाग

बारा तासांचं पाणी मावेल एवढी टाकी हवी. मिनिटाला ३० लिटर म्हणजे बारा तासांत २१,६०० लिटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, आठ फूट खोल टाकीत ८०० घनफूट पाणी मावतं आणि एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे साडेबावीस हजार. आमची चिऱ्याची आहे, निम्मी जमिनीत. उंच टाकीच्या चिऱ्याच्या भिंती पाण्याने ढकलल्या जातात, म्हणून जाणत्या गवंड्याकडूनच बांधून घ्या. पैसे नसतील तर खड्डा खणून जाड ताडपत्रीचं जलकुंड करा, चार-पाच वर्षं सहज काढतं. टाकी भरली म्हणून खालची कॉक बंद करून पाणी अडवू नका. पाइप सतत वाहता राहू दे, टाकी भरली की वरचं पाणी ओहोळात परत जाऊ दे. डासांसाठी गप्पी मासे सोडलेत.

टाकीपासून बाग ९ मीटर खाली आहे, म्हणजे पाऊण-एक किलो दाब. ठिबकला आणि मायक्रोट्यूबला तेवढा चालतो, मोठ्या फिरत्या स्प्रिंकलरला चालत नाही, त्यात पैसे घालू नका. ठिबकच्या आधी जाळीचा फिल्टर लागतोच. उतारावरच्या बागेत मुख्य पाइप वरून खाली आणि ठिबकच्या नळ्या आडव्या, पायरीच्या कडेने टाकायच्या. नळी उतारावर उभी टाकली तर खालच्या पोफळी पाण्यात बुडतात आणि वरच्या सुकतात. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या ड्रिपरखाली भांडं धरून पाच मिनिटं पाणी मोजा. दहाला एकापेक्षा जास्त फरक आला तर खालच्या पायरीची कॉक थोडी आवळा. आमच्या चार घरांच्या चार कॉक आहेत, प्रत्येकाची पाळी दीड तास. पोफळीला ताशी ८ लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे सव्वा तासात वीस लिटर होतात.

ठिबकचे पैसे नसतील तर टाकीपासून पाट काढा आणि आळ्यांना पाणी द्या. मातीच्या पाटाला १०० मीटरला २० ते ३० सेंटिमीटर उतार पुरतो. त्याहून जास्त दिलात तर माती धुपते. घळ लागली की पोफळीचं पन्हळ आडवं टाकायचं. सासऱ्यांनी असाच पाट पस्तीस वर्षं चालवला.

वर्षाचं काम

भात कापून झालं की, साधारण दिवाळीनंतर, बांध घालतो आणि लाइन सुरू करतो. सुरू करताना खालची कॉक पूर्ण उघडी ठेवून वरून हळूहळू पाणी सोडायचं. घाई केली तर हवा अडकते. बंद करताना कॉक एकदम आवळू नका, पाण्याचा धक्का बसून जोड उडतो. दर आठवड्याला ड्रम धुवायचा, तोंडाची जाळी झाडायची. आमची मुलंही पाळीपाळीने हे करतात, त्यांना तो ड्रम उघडून खळखळ गाळ सोडायला आवडतं.

मृगाच्या आधी, जूनचा पहिला आठवडा उजाडायच्या आत, तोंडाचा तुकडा काढून घरी आणायचा, ड्रम उचलून झाडाला बांधायचा, गोणी मधून उघडून पाण्याला वाट द्यायची. एका वर्षी आम्ही दोन दिवस उशीर केला आणि पहिल्याच पुरात ड्रम वाहून गेला, तो पार तिलारीच्या पात्राकडे सापडला. तोंडाचा तुकडा आता माझ्या माळ्यावर गोणत्यात बांधून ठेवते, त्यावर खडूने बांधातल्या नळीची उंची लिहिलेली असते, म्हणजे दिवाळीनंतर पुन्हा तीच.